बिनआवाजाचा झेल

गाडी क्लबच्या कुंपणाशी लावून धम्मपालनं आधी आरशात बघितलं. मैत्री मागच्या डिकीतून पिशव्या काढत होती. तेवढ्या वेळात त्यानं डाव्या अंगठ्याभोवती पांढऱ्या पट्टीचे चार वेढे घेतले, टोक दातांनी तोडलं आणि हात खिशात घातला. दीड महिना तो हे काम असंच चोरून उरकत होता. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, सॉफ्टवेअर कंपनीत आठ जणांचा साहेब, आणि सतरा वर्षांच्या लेकीपासून अंगठा लपवतोय. कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं.

“बाबा, येतोस ना?”

“आलो, आलो. तू पळायला लाग.”

मे महिना होता. संध्याकाळचे सात वाजले तरी दुपारसारखा उजेड होता आणि वारा नेहमीप्रमाणे कुणाचीही भीडभाड न ठेवता वाहत होता. रायस्वाइक संपून द हेग सुरू होतं त्या वेशीवर, ट्रामच्या रुळांपलीकडे हे मैदान. एका अंगाला पाण्याचा चर. फटका वाकडा गेला की चेंडू त्यात पडायचा आणि मग कुणीतरी लांब दांड्याची जाळी घेऊन तो काढत बसायचं. इथं या खेळाला होंकबाल म्हणतात, बाकी जग बेसबॉल म्हणतं. मैत्री त्यात पिचर होती, म्हणजे मधल्या उंचवट्यावरून चेंडू फेकणारी. तिच्यासमोर अठरा मीटरवर तोंडाला मुखवटा चढवून, जाड कातडी ग्लोव्ह पुढे धरून जो उकिडवा बसतो तो कॅचर. संघाच्या सामन्यांत दुसरं कुणी बसायचं. पण सरावाला, नऊ वर्षांची असल्यापासून, मैत्रीचा कॅचर तिचा बाप होता.

पहिला चेंडू आला. धम्मपालनं तो ग्लोव्हमध्ये घेतला आणि घेता घेता हात पोटाशी ओढला. आवाज झाला नाही.

ही त्याची अमरावतीची मिरास. विद्यापीठाच्या क्रिकेट संघात तो दोन वर्षं यष्टिरक्षक होता. त्याला घडवणारे बनसोड सर सांगायचे, “ग्लोव्हचा आवाज झाला म्हणजे चेंडूनं तुला मारलं. आवाज नाही झाला म्हणजे तू चेंडू घेतला.” धम्मपालनं ते मंत्रासारखं धरलं होतं. त्या दोन मोसमांत त्यानं एकही झेल सोडला नव्हता. ही गोष्ट त्याच्या बायकोनं, सुमेधानं, लग्नानंतरच्या वीस वर्षांत इतक्या वेळा ऐकली होती की पाहुण्यांसमोर तो सुरू झाला की ती चहा टाकायला उठायची. बेसबॉलचे कॅचर हात असा मागे ओढत नाहीत, जागच्या जागी घट्ट धरतात, हे त्याला इथल्या लोकांनी दहा वेळा सांगितलं होतं. तो हसून मान डोलवायचा आणि पुढचा चेंडू पोटाशी न्यायचा.

“एकशे चार,” मागच्या जाळीआडून यांदिरा म्हणाली.

यांदिरा मैत्रीची प्रशिक्षक. पन्नाशीची, कुरासाओ बेटावरून लहानपणी आलेली बाई. तिच्या हातात वेग मोजायचं यंत्र होतं.

“एकशे तीन. एकशे चार. परत एकशे चार.”

मैत्रीनं टोपी काढली, केस मागे सारले, टोपी पुन्हा घातली. ती चिडली की असं करायची.

अमेरिकेत बायकांची एक नवी बेसबॉल लीग उभी राहत होती, पगारी. युरोपातल्या मुलींची निवड जूनमध्ये हार्लेमला होती. मैत्री बारा वर्षांची असताना मुलांच्या संघात एकटी मुलगी होती. पंधराव्या वर्षी सगळ्यांनी तिला समजावलं, मुली सॉफ्टबॉल खेळतात, तिकडे जा. ती गेली नाही. बेसबॉल खेळून पगार घेणाऱ्या पहिल्यावहिल्या मुलींमध्ये तिचं नाव लागू शकत होतं. फक्त निवडीला येणाऱ्या पिचरच्या चेंडूचा वेग ताशी एकशे बारा किलोमीटर हवा, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. एकशे चार नाही, एकशे बारा.

सराव संपल्यावर मैत्री चेंडू गोळा करत असताना यांदिरा धम्मपालच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“पुढच्या मंगळवारी तू साडेसातला ये,” ती म्हणाली. “सातला नको.”

“वेळ बदलली?”

“तू साडेसातला ये,” ती पुन्हा म्हणाली, आणि यंत्राची बॅटरी काढून खिशात टाकून चालू लागली.

घरी पोचले तर सुमेधानं फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला होता आणि पडद्यावर अमरावतीहून कांताबाई, धम्मपालची आई, चष्मा सावरत होत्या. तिकडे साडेअकरा वाजले होते, पण नातीचं तोंड पाहिल्याशिवाय म्हातारी अंथरुणाला पाठ टेकत नसे.

“काय करून राह्यली माही पोट्टी?”

“हाय आजी,” मैत्री म्हणाली, हात हलवला आणि अंघोळीला पळाली.

“सराव करून आली, आई,” धम्मपाल म्हणाला. “निवड झाली तर अमेरिकेत जाईल.”

“चेंडू फेकाचे पैशे देतेत म्हनते तिकडं?”

“देतात.”

“अन् तू काय करतं मंग?”

“मी झेलतो.”

“तुले देतेत काय?”

“नाही.”

“मंग कायले झेलतं, बापा?” कांताबाईंनी विचारलं.

जेवताना सुमेधानं त्याच्याकडे न बघता विचारलं, “अंगठा कसा आहे?”

“कसला अंगठा?”

“मी दिवसभर खेमेंतेच्या खिडकीवर बसते. खोटं बोलणारी माणसं रोज वीस बघते.” या देशात नवऱ्याच्या व्हिसावर येऊन, तीन वर्षं डच शिकून, नगरपालिकेत नोकरी मिळवलेली बाई ती, तिच्यासमोर कागद काय आणि माणूस काय, फार वेळ टिकत नसे.

“जुनंच दुखणं आहे. थंडीनं होतं.”

“मे महिन्यात,” सुमेधा म्हणाली आणि त्याच्या ताटात भात वाढला.

जुनं दुखणं खरं होतं. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मैत्रीचा एक चेंडू ऐनवेळी आत वळला आणि ग्लोव्हच्या काठावर बसला. हाड चिरलं. हाउसआर्त्सनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, पॅरासिटामॉल दिली, मग दुसऱ्या दिवशी जरा घाबरून फोटो काढायला पाठवलं. मैत्री आठवडाभर बापाच्या शर्टाची बटणं लावून देत होती, बुटांच्या नाड्या बांधून देत होती. अंगठा जुळला. आता पुन्हा ठणकत होता, आणि वयानुसार तो ठणकणारच होता, पण निवडीला पाच आठवडे राहिले असताना हे सांगायचं कसं? निवडीला पिचरला स्वतःचा कॅचर आणता येणार होता. मैत्रीनं अर्जात क्षणाचाही विचार न करता बापाचं नाव टाकलं होतं.

मंगळवारी कापेल गावातल्या ऑफिसातून तो नेहमीच्याच रेल्वेगाडीनं निघाला. उशिरा जाणं त्याच्या जिवावर येत असे. रायस्वाइकच्या स्टेशनवरून सायकल मुद्दाम हळू मारत आला, तरी सात वाजून दहा मिनिटांनी तो मैदानाच्या कुंपणाशी होता.

फाट्!

कुणीतरी लाकडाची फळी जमिनीवर आपटावी तसा आवाज. क्लबच्या दुरुस्तीचं काम निघालं असेल असं त्याला वाटलं. सायकलवरून उतरून तो कुंपणाच्या झुडपांकडेनं चालू लागला.

फाट्!

त्यानं फांद्यांमधून बघितलं. उंचवट्यावर मैत्री होती. समोर लोटे उकिडवी बसली होती. लोटे ही पुरुषांच्या दुसऱ्या संघाची कॅचर, दिवसा पत्रं वाटणारी, आडव्या हाडाची पोरगी. मैत्रीनं पाय उचलला, हात मागे गेला आणि खांदा असा सुटला की धम्मपालला चेंडू दिसलाच नाही. लोटेचा ग्लोव्ह जागचा हलला नाही, आणि फाट् करून आवाज मात्र सगळ्या मैदानभर गेला.

“एकशे तेरा!” यांदिरा ओरडली.

मैत्री हसली. कुणासाठी नाही, आपली एकटीच. तिला तो आवाज आवडला होता. आठ वर्षं ती बापाला चेंडू टाकत होती आणि त्या आठ वर्षांत तिचा चेंडू बापाच्या हातात कधी वाजला नव्हता.

धम्मपालला आनंद झाला. त्याच्या पाठोपाठ, लपवायचं कशाला, मत्सर वाटला. लोटेनं काय केलं होतं? नुसता हात धरून ठेवला होता. सायकलचं हँडल धरून तो आणखी सहा चेंडू ऐकत राहिला. मग बरोबर साडेसातला तो फाटकातून आत गेला.

मैत्रीनं त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा क्षणभर आवळला. लोटे उठली, मुखवटा काढून बाकाकडे गेली. धम्मपालनं पॅड बांधले.

एकशे तीन. एकशे चार. एकशे तीन.

आज तो चेंडूकडे बघत नव्हता, तिच्या खांद्याकडे बघत होता. पाय तसाच उठत होता, हात तसाच मागे जात होता, पण चेंडू सुटायच्या आधी खांदा किंचित थबकत होता, दारातून आत येताना माणूस झोपलेल्या बाळाकडे बघून पाऊल हलकं करतो तसा. हे ती ठरवून करत असेल असंही त्याला वाटलं नाही. समोर बाप दिसला की होत असावं. आणि तो मूर्ख दोन वर्षं तिला सांगत होता, जोर लाव, पोरी, जोर लाव.

परतताना दोघं सायकलवर शेजारी शेजारी चालले होते. पुलावर चढ आला तेव्हा धम्मपाल म्हणाला,

“लोटेला एकशे तेरा टाकलास.”

ती समोर बघत राहिली. “विंड होता.”

“वारा समोरून होता.”

पुलाखालून एक बोट गेली.

“अर्जात कॅचरचं नाव बदल, मैत्री. रविवारपर्यंत बदलता येतं.”

“नो.”

“ऐक तर.”

“यू आर माय कॅचर. बस.”

वाद घालून ही ऐकणार नाही, हे तो तिच्या तिसऱ्या वर्षापासून जाणून होता.

“मग एक पैज लावू,” तो म्हणाला. “रविवारी सकाळी एकच चेंडू टाकायचा. लोटेला टाकतेस तसा. यांदिरा यंत्र धरेल. एकशे बाराच्या खाली आला तर तो धरायचाच नाही, परत टाकायचा. मी झेलला, तर हार्लेमला मी बसतो. सुटला, तर लोटे.”

मैत्रीनं सायकल थांबवली. तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे पूर्ण बघितलं, मग त्याच्या डाव्या हाताकडे, जो हँडलवर पट्टीसकट उघडा पडला होता. त्यानं तो खिशात घातला नाही.

“यू नेव्हर ड्रॉप,” ती म्हणाली.

“मग तुला भीती कसली?”

पुढचे चार दिवस धम्मपाल वेगळाच माणूस झाला. पैज हरण्यासाठी लावली होती असं कुणाला वाटेल, पण तसं मुळीच नव्हतं. त्याला झेलायचा होता. बावीस वर्षांचा असल्यासारखा तो बैठका मारू लागला. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात भिंतीवर टेनिसचा चेंडू मारून डाव्या हातानं पकडू लागला. एकशे तेराचा चेंडू झेलून दाखवला की पोरीची भीती आपोआप जाईल, मग ती मोकळी होईल, मग हार्लेमला ती उंचवट्यावर आणि तो समोर; ऑफिसात स्क्रीनकडे बघत असताना त्याच्या डोळ्यांसमोर हेच चालायचं. सुमेधानं शनिवारी हळद गरम करून आणली आणि अंगठ्यावर लेप दिला. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

“किती दुखतं?”

“उद्यापुरतं चालेल,” तो म्हणाला.

रविवारी सकाळी मैदान रिकामं होतं. गवत ओलं होतं आणि चरातल्या बदकांशिवाय कुणी बोलत नव्हतं. यांदिरा जाळीमागे यंत्र घेऊन उभी राहिली. मैत्रीनं खांदे मोकळे करायला दहा-बारा चेंडू जाळीतच टाकले, बापाच्या दिशेनं एकही नाही.

धम्मपालनं मुखवटा ओढून घेतला आणि बसला.

पहिला चेंडू एकशे सात आला. ठरल्याप्रमाणे त्यानं तो बाजूला जाऊ दिला.

“परत,” तो म्हणाला.

दुसरा एकशे नऊ.

“मैत्री, मला फसवू नकोस.” त्याचा आवाज जरा चढलाच. “टाकायचा तर टाक.”

तिनं टोपी काढली, केस मागे सारले, टोपी घातली. मग पाय उचलला. खांदा सुटला.

या वेळी त्याला चेंडू दिसला, आणि तो दिसला तेव्हाच तो आत वळत होता, अगदी फेब्रुवारीतल्यासारखा. धम्मपालचं डोकं काही विचार करण्याआधी त्याचा हात निघाला होता. चेंडू ग्लोव्हच्या जाळीत शिरला, हात त्याच्याबरोबर मागे आला, उजवा हात वरून झाकायला गेला आणि सगळं मिळून त्याच्या पोटाशी येऊन थांबलं. अंगठ्यातून कळ कोपरापर्यंत गेली. आवाज झाला नाही. बदकांनी मान वळवली नाही. बनसोड सर असते तर त्यांनी काहीच म्हटलं नसतं, नुसती मान हलवली असती, आणि ती मान मिळवण्यासाठी धम्मपालनं तारुण्यातली किती उन्हं अंगावर घेतली होती! आयुष्यातला सगळ्यात चांगला झेल त्यानं घेतला होता.

“एकशे चौदा,” यांदिरा मागून म्हणाली. तिला त्याची पाठ दिसत होती.

त्यानं मान वर केली. मैत्री उंचवट्यावर नव्हती. चेंडू हातातून सुटता क्षणी ती खाली उतरून त्याच्याकडे धावत सुटली होती आणि अर्ध्या वाटेवर पोचली होती. एक हात तोंडावर होता. चेंडू किती वेगानं गेला, तो कुठं पडला, यातलं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. नुसती भीती होती. शर्टाची बटणं लावून देणारी पंधरा वर्षांची मुलगी त्या चेहऱ्यात तशीच उभी होती. हार्लेमला दहा चेंडू टाकायचे होते, आणि दहाही वेळा ही अशीच धावत येणार होती, पायांनी नाही तर मनानं.

धम्मपालच्या पोटाशी, दोन्ही हातांच्या आत, चेंडू बसला होता. त्यानं उजवा हात काढला. डावा ग्लोव्ह जमिनीकडे वळवला आणि उघडला.

चेंडू ओल्या गवतावर पडला आणि वीतभर घरंगळला.

“सुटला,” तो म्हणाला.

मैत्री थांबली. तिनं चेंडूकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तोंडावरचा हात हळूहळू खाली आला. जाळीमागे यांदिरा बराच वेळ यंत्राच्या पडद्यावरचा आकडा पुसत राहिली.

“वय झालं,” धम्मपाल म्हणाला. मुखवटा काढायला त्याला जरा वेळ लागला.

घरी त्यानं सुमेधाला एकाच शब्दात सांगितलं.

“सुटला? तुमच्याकडून?” ती म्हणाली. वीस वर्षं ती गोष्ट ऐकलेली बाई. तिनं त्याच्याकडे बघितलं, आतल्या खोलीत लॅपटॉपवर अर्जातलं नाव बदलत बसलेल्या मैत्रीकडे बघितलं, आणि मग अंगठा शेकायला पाणी गरम करायला ठेवलं.

जूनमध्ये, निवडीच्या शनिवारी, हार्लेमला आभाळ स्वच्छ होतं. धम्मपाल आणि सुमेधा तिसऱ्या ओळीत बसले. नऊ देशांतल्या मुली होत्या. मैत्री तायडे हे नाव लाउडस्पीकरवर जरा वाकडंतिकडं येऊन गेलं. ती उंचवट्यावर चढली. समोर लोटे बसली.

फाट्!

फळ्यावर एकशे चौदा उमटलं. पुढच्या ओळीतल्या लोकांनी माना वर केल्या. पुढचा एकशे तेरा, मग एकशे पंधरा. प्रत्येक आवाजाला धम्मपालचा डावा हात मांडीवरून आपोआप उठून पोटाशी येत होता. सुमेधानं तिसऱ्या चेंडूला तो पाहिला आणि आपल्या हातात धरून ठेवला.

दहावा चेंडू टाकून झाला. अमेरिकेहून आलेल्या दोन बायका उभ्या राहून एकमेकींशी बोलत होत्या, त्यातली एक वहीत काही लिहीत होती. मैत्री तिकडे बघत नव्हती. ती उंचवट्यावरून उतरली, थांबली आणि वर, तिसऱ्या ओळीकडे बघू लागली. बाप सापडल्यावर तिनं ग्लोव्ह घातलेला हात पोटाशी नेला, उजव्या हातानं वरून झाकला, क्षणभर तसाच ठेवला. मग उजवा हात काढला, ग्लोव्ह जमिनीकडे वळवला आणि हळूच उघडला. त्यातून काही पडलं नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली.

“काय दाखवतेय ती?” सुमेधानं विचारलं.

“काही नाही,” धम्मपाल म्हणाला, आणि खाली वाकून चांगली बांधलेली बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला.